डाव्या होडीतले वजन

१

सोळा वर्षे मी रोज सकाळी सहा वाजता तलावाची पातळी घेत आलो. तलाव सोलापुरापासून सात मैलांवर, वळसंगच्या अंगाला आहे. बांधावर कालवा खात्याने दिलेल्या तीन खोल्या, तिथे आमचे बिऱ्हाड. बांधाजवळ गाळ साचतो, म्हणून मोजपट्टीचा खांब दीडशे हात आत, खोल पाण्यात रोवलेला आहे. होडीने तिथपर्यंत जायचे, आकडा वाचायचा, परत येऊन वहीत लिहायचा. पातळी, वारा, आकाश. माझे शिक्षण इंग्रजी दुसरीत सुटले. पुढे जे काही आले ते या वह्या लिहिता लिहिता आले.

होडी घरी केलेली आहे. खरे म्हणजे त्या दोन होड्या आहेत, प्रत्येकी बारा हात लांब आणि एक हात रुंद. मध्ये अडीच हात अंतर सोडून दोन आडव्या तुळयांनी त्या जोडलेल्या आहेत. तुळयांवर फळी, फळीवर मी, दोन हातांत दोन वल्ही. दोन्ही होड्यांच्या बाहेरून खालून वर एकेक अंगुळावर पांढऱ्या रेघा ओढलेल्या आहेत. मी मधोमध बसलो की दोन्ही होड्या सहाव्या रेघेपर्यंत बुडतात. बारा वर्षांत त्यात फरक पडला नव्हता.

२९ मे १९३३ रोजी खांबाजवळ वल्ही थांबवली आणि सवयीने दोन्हीकडे पाहिले. उजवी होडी सहाव्या रेघेवर. डावी साडेसातवर.

पाणी शिरले असेल, दुसरे काय. मी डावीच्या तळाला हात लावून पाहिला. तळ कोरडा होता. फळीवर थोडा उजवीकडे सरकलो. उजवी खाली गेली, पण डावी वर आली नाही. वारा नव्हता. पातळी नऊ फूट चार इंच होती. परत फिरलो, आणि बांध दहा हातांवर राहिला तेव्हा डावी हळूच उचलली गेली. पायऱ्यांना लागलो तेव्हा दोन्ही रेघा समान होत्या.

वहीत लिहिले: 'डावी होडी दीड अंगुळ खाली. पाणी शिरले असावे.'

तळ कोरडा होता हे लिहिले नाही.

२

होडीची कल्पना माझा धाकटा भाऊ शरच्चंद्र याची. तो माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, जवळच्या गावी शाळामास्तर, राहायला आमच्याकडेच. १९२१ च्या जानेवारीत सोलापुरात रद्दीच्या दुकानात त्याला एक इंग्रजी मासिक सापडले. त्यात समुद्रातल्या कुठल्याशा बेटावरच्या लोकांचे चित्र होते; दोन होड्या जोडून, वर शीड लावून ते लाटांवर चालले होते.

"दादा," तो म्हणाला, "एक होडी उलटते. दोन एकदम कशा उलटतील?"

कोरड्या मुलखातल्या माणसाला हे पटण्यासारखेच होते. मलाही पटले.

वळसंगचा गुरुबसप्पा सुतार बैलगाड्या करायचा. त्याने आयुष्यात होडी पाहिली नव्हती. चित्र उलटसुलट करून त्याने कानडीत होकार भरला, "हौद, हौद. चाकं न्हाईत अशी गाडी म्हना की!" मग त्याने ती गाडीसारखीच केली. आडव्या तुळईला तो जू म्हणे आणि शिडाच्या दोरीला कासरा. फटींत गिरणीतला टाकाऊ कापूस राळेत भिजवून ठोकला. शीड आम्ही गावातल्या सुंदरम्मा नावाच्या तेलुगू विणकर बाईकडून शिवून घेतले. तिने शरदला विचारले होते, "मास्तर, येवढं मोठं धोतर कोन नेसनार?"

एकेका होडीत एकेक माणूस बसणार, म्हणून मी दोघांना धान्याच्या काट्यावर तोलले. वहीत आहे: मी, एक मण बत्तीस शेर, शरद, एक मण चौदा शेर. दगड ठेवून हेही काढले, की छत्तीस शेर वजनाला होडी एक अंगुळ बुडते.

पहिल्या दिवशी शीड न लावता गेलो. मी उजवीत, तो डावीत, एकेकाकडे एकेक वल्हे. पायरीवर त्याची बायको रुक्मिणी उभी होती. तिला हात करायला शरदने वल्हे उचलले, आणि होडी जागच्या जागी गोल फिरू लागली. काठावर मेंढरे घेऊन उभा असलेला धुळा धनगर ओरडला, "ओ पंत! घान्याला जुंपलं का काय? त्याल किती निघालं?"

शरद एवढा हसला की फिरणे आणखी वाढले. एकट्या वल्ह्याने जोडहोडी गोलच फिरते, सरळ जात नाही. मी त्या दिवशी तीनदा करून पाहिले आणि लिहून ठेवले.

शीड चढवायच्या दिवशी गुरुबसप्पा मुद्दाम आला होता. वाऱ्यात दोरी हातातून निसटते अशी शरदची तक्रार होती. गुरुबसप्पाने गाडीवानाचा उपाय सांगितला: झोप यायला लागली की गाडीवान कासरा कमरेला गुंडाळतो. "कासरा सुटला की बैल गेला. कमरंला बांधा, मास्तर. आपल्याला सोडून कुटं जातोय मग?"

आम्हा तिघांपैकी एकालाही त्यात काही चूक दिसली नाही.

३

दुसऱ्या दिवशीही डावी साडेसातवर. तिसऱ्या दिवशीही.

मी होडी काठावर ओढून पालथी केली. फट नाही, कीड नाही. उन्हात दोन दिवस वाळवली; तेवढे दोन दिवस धुळाच्या भोपळ्यांच्या सांगडीवरून पातळी घेतली. पुन्हा पाण्यात सोडली. काठाला समान. शंभर हात आत गेल्यावर डावी दबायची. एकदम नाही. आधी समोरचे टोक, मग मागचे. पाय ठेवून, तोल सावरून कुणी खाली बसावे तशी.

दीड अंगुळ म्हणजे चोपन्न शेर. मी हा हिशेब त्या सकाळी खांबाला धरून तीनदा केला, कारण चोपन्न शेर म्हणजे एक मण चौदा शेर.

दुसऱ्या दिवशी उजव्या होडीत चोपन्न शेर दगड भरून नेले. खांबाजवळ दोन्ही रेघा साडेसातवर आल्या. वहीत 'दोष दूर' असे लिहायचे मनात ठरवलेसुद्धा. पण परतताना बांध दहा हातांवर आला आणि डावी वर आली. दगडांची उजवी खालीच राहिली. मी वाकडा बसून पायरीला लागलो.

५ जूनला गुरुबसप्पाला बोलावले. आता तो म्हातारा झाला आहे, पण हात तसाच. त्याने जू ठोकून पाहिले, सांधे नखाने खरवडले, मग माझ्याबरोबर फळीवर बसून आत आला. शंभर हातांवर त्याने माझे मनगट धरले.

"थांबा."

डावी दबली. तो रेघांकडे पाहत राहिला.

"सांधा बरोबर हाय," तो म्हणाला. "लाकूड बी बरोबर हाय. मागनं मानूस चढलं की गाडी कशी दबती, तसं दबलंय बघा."

"कोण माणूस?"

"ते मला काय विचारता पंत? मी दोघांसाठी म्हनून केली होती. तुमी येकटं वापरताय." त्याने मनगट सोडले नव्हते. "वळवा आता. मला उतरू द्या."

काठाला लागल्यावर तो पायऱ्या चढून गेला. वरून वळून म्हणाला, "दगड काढा तेवढं. कुनाला जड नको व्हायला."

४

२८ मेच्या संध्याकाळी, म्हणजे हे सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, माझी पत्नी पद्मजा हिने जेवताना विषय काढला होता. तारखा मी नंतर ताडून पाहिल्या.

"वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बारा वर्षं पुरी होतात," ती म्हणाली. "आता पानांचं करून टाकायला हवं."

परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षे खबर लागली नाही, तर आमच्यात तीनशे साठ पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. मग तो माणूस गेला. मग त्याची बायको विधवा.

"एवढी घाई कसली?" मी म्हटले.

"घाई? बारा वर्षं म्हणजे घाई?" पद्मजाने वाटी खाली ठेवली. "दर सणाला तिला कुंकू लावते मी. हात थरथरतो माझा. आहेत की नाहीत ते एकदा ठरवा. सगळ्या जगाच्या पाण्याची मापं घेता, घरातलं एक माप घेववत नाही तुम्हाला!"

रुक्मिणी चुलीपाशी पाठ करून बसली होती. तिने भाकरी उलटली. तेहतीस वर्षांची बाई, एकविसाव्या वर्षापासून वाट पाहणारी. पानांचा विधी झाला की माढ्याचे तिचे मामा तिला न्यायला येणार हे ठरलेले होते. शहरात आता पुष्कळ सैल झाले आहे, पण मामा जुन्या वळणाचे. लाल आलवण आणि न्हाव्याचा वस्तरा. तिचे केस अजून गुडघ्यापर्यंत पोहोचतात.

मी बारा वर्षे सगळ्यांना सांगत आलो होतो, की शरद माझ्याशी भांडून पलीकडच्या काठाला उतरला आणि वळसंगच्या रस्त्याने निघून गेला. वाऱ्याने दोरी तुटून शीड बुडाले, असेही सांगितले. वहीतही तेच आहे. आधी ते भीतीने सांगितले. मग लक्षात आले, की या खोट्यावर एका बाईचे कुंकू उभे आहे. तेव्हा मी त्याला दया म्हणू लागलो. दयेसारखे सोयीचे दुसरे काही मला आयुष्यात मिळाले नाही.

जेवण झाल्यावर रुक्मिणीने रोजचा प्रश्न विचारला. घरात पातळीबद्दल विचारणारी ती एकटीच.

"भावोजी, आज किती?"

"नऊ फूट साडेचार इंच."

"या वर्षी तळ दिसेल का?"

"नाही," मी म्हटले. "एवढं कमी कधी होत नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि भांडी घेऊन बाहेर गेली.

५

पळस पलीकडच्या काठाला आहेत. ६ जूनला मी पाने आणायला गेलो. जाताना डावी दबलेलीच होती. मी रेघ पाहिली आणि पुढे वल्हवत राहिलो. माणसाला कशाचीही सवय होते, असे मी त्या दिवशी लिहिले आहे.

धुळाची मेंढरे तिथेच होती. तो काठी टेकून माझे पान तोडणे पाहत राहिला.

"पत्रावळ्या लावताय व्हय पंत? जेवान कुनाचं?"

मी सांगितले.

"मग सांगतो," तो म्हणाला. "त्या साली त्या दिवशी मी हितंच हुतो. धाकलं पंत हितं उतरल्यालं म्या बगितलं न्हाय."

"तुला डुलकी लागली असेल."

"मेंढरं राखनारा दिसा झोपत न्हाय." तो हसला, पण डोळ्यांत हसू नव्हते. "जाताना दोघं हुता. येताना तुमी येकटं. म्या कुनापाशी तोंड उघाडलं न्हाय. बाईचं कुकू हाय म्हनलं, मी कशाला पुसू? आता तुमीच पुसताय, तर पुसा की."

पाने मोजून घेतली, तीनशे साठ. फळीवर वारा लागतो म्हणून डाव्या होडीत सैल रचून ठेवली. ढीग गुडघ्याएवढा झाला. हे मी विचार करून केले नाही. किंवा केले असेल. परतताना मी एकदाही डावीकडे पाहिले नाही. मान अवघडून गेली.

पायऱ्यांना लागल्यावर पाहिले. पाने विस्कटलेली नव्हती. मधोमध खोलगट झाली होती, कुणी मांडी घालून तासभर बसून उठावे तशी. देठ एका बाजूला वळून चेपले होते. वरची पाने ओली होती. आभाळ कोरडे होते आणि माझ्या वल्ह्यांचे पाणी त्या बाजूला एकदाही उडाले नव्हते.

घरी नेऊन पुन्हा मोजली. तीनशे साठ भरली. रुक्मिणी दारात उभी राहून मोजणे ऐकत होती. तीनशेच्या पुढे गेलो तेव्हा तीही माझ्याबरोबर ओठ हलवू लागली.

८ जूनला वटपौर्णिमा. बांधावरच्या वडाला ती बारा वर्षे सूत गुंडाळत आली होती. त्या दिवशी सहा फेरे घेतले आणि थांबली. सातवा घेतला नाही. उरलेले सूत तिने मुठीत धरले, तोडले, आणि तुटलेले टोक बराच वेळ बोटांवर फिरवून पाहत राहिली.

६

२१ जून १९२१ च्या पानावर जे नाही ते आता लिहितो.

आम्ही शीड लावून तलावाच्या मध्यावर होतो. वाऱ्याने होडी पळत होती, पाणी दोन होड्यांच्या मधून फेसाळत निघे आणि शरद ओरडत होता, "दादा, चाक नाही न् बैल नाही!" मी त्याला इतके आनंदात कधी पाहिले नव्हते. मलाही आनंद झाला होता, हे लिहिले पाहिजे. कासरा त्याच्या कमरेला दोन वेढे देऊन बांधलेला होता. दुसरे टोक डोलकाठीवरून शिडाला.

ढग पश्चिमेकडून आला. वळवाचा वारा सुटला तसे शीड एकदम उलट बाजूला फिरले आणि त्याने शरदला होडीतून उचलले. फेकले नाही, उचलले, जसा बैल उधळला की गाडीवान ओढला जातो. तो पाण्यात पडला. शीड त्याच्यावर पडले, भिजले आणि खाली जाऊ लागले. दोरी ताणली गेली. डोलकाठी डावीकडे वाकली, डावी होडी काठापर्यंत बुडाली, आणि माझी उजवी पाण्यातून वर उठली.

मला पोहता येत नाही. दोरी मी ओढली. किती वेळ ओढली ते सांगता येत नाही. आकडा नाही अशी माझ्या वह्यांतली ती एकच जागा आहे.

खांबाजवळचे शेवाळ कापायचा विळा पायाशी होता. एका घावात दोरी तुटली. उजवी होडी खाली आदळली, डावी वर आली. दोन्ही समान झाल्या.

मला आठवते ते एवढेच, की त्या क्षणी मी रेघा पाहिल्या.

७

९ जून. मी सहाला पायऱ्या उतरलो तेव्हा रुक्मिणी होडीपाशी उभी होती. नऊवारी कासोटा घट्ट मारलेला, कपाळावर नेहमीपेक्षा मोठे कुंकू.

"भावोजी, आज पानांचं करायचं ना? त्याआधी मला ती जागा दाखवा. हे उतरले ती."

"तिथे पाहण्यासारखं काही नाही."

"असू दे. बारा वर्षं ऐकत आले आहे. एकदा बघू दे."

नाही म्हणायला कारण सापडले नाही. ती आत उतरू लागली. पायरीजवळ डावी होडी होती. तिने पाय उचलला, आणि तसाच मागे घेतला. मग फळीवरून पलीकडे जाऊन उजव्या होडीत बसली.

वल्हवत निघालो. शंभर हातांवर डावी दबली. रुक्मिणीचे वजन उजवीत होते, त्यामुळे दोन्ही जवळजवळ समान आल्या. बारा वर्षांत ही होडी इतकी हलकी चालली नव्हती. जणू ती याच भारासाठी केलेली होती.

रुक्मिणी माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या पलीकडे, डावीकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पंगतीत नवरा दूर बसलेला असताना बायका जशा मध्येच एकदा पाहून घेतात, तशी ती पाहत होती. आणि माझ्या डाव्या कानाशी ओल्या जाड कापडाचा वास येत होता, आंबट, जुना.

"भावोजी," ती म्हणाली. "वारा दोरी तोडतो तेव्हा ती कशी दिसते?"

मी वल्हे ओढले.

"सूत तुटलं की पिंजतं. झुपका होतो. काल मी वडापाशी पुन्हा पाहिलं." तिने मान वर केली. डोलकाठीवर दोरीचा हातभर तुकडा अजून बांधलेला होता. तो काढला असता तर लोकांनी विचारले असते, म्हणून मी कधी काढला नव्हता. "हिचं टोक सरळ आहे. कापलेलं."

"तुला हे कधी..."

"पहिल्याच वर्षी. श्रावणात मी होडी धुवायला आले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"कुंकू मलाही हवं होतं," ती म्हणाली. "तुम्ही खोटं वाढलंत, मी जेवले. पोट भरलं नाही, पण पानावरून उठले नाही. आता तुम्ही मोजून पानं आणलीत. त्यांना कापलंत, आता जाळणार. दोन्ही तुम्हीच करणार का?"

"रुक्मिणी, मला पोहता येत नाही. दोघंही गेलो असतो. तुला कसं सांगू..."

"मला सांगू नका." तिने डावीकडे हनुवटी हलवली. "त्यांना सांगा. हे तर उतरलेच नाहीत की कुठे."

मी डावीकडे पाहिले नाही. होडी पलीकडच्या काठाच्या वाळूला लागली.

"इथेच ना?" तिने विचारले.

"इथे."

"उतरा."

मी उतरलो. घोटाभर पाणी होते. मला वाटले ती मागोमाग येईल. ती उजव्या होडीतच बसून राहिली. फळीवरून तिने एक वल्हे आपल्याकडे ओढून घेतले, उजवे, आणि काठावर टेकवून होडी मागे ढकलली. तिने आयुष्यात वल्हे हातात धरले नव्हते.

"एका वल्ह्याने होडी गोल फिरेल!" मी ओरडलो. दुसरे काही सुचले नाही. "मध्ये बस. दोन्ही घे!"

"पानांची काळजी करू नका," ती म्हणाली. "ती वाया जायची नाहीत."

ऊन वर आले होते. तलाव सपाट होता, वाऱ्याची एक सुरकुती नव्हती. मी रेघा पाहिल्या: दोन्ही समान. ती एकाच बाजूने वल्हवत होती, वेडेवाकडे, नवख्या हाताने. होडीने आता वळायला हवे होते. मी वाट पाहत उभा राहिलो. दहा वल्ही झाली. वीस झाली.

होडी गोल फिरली नाही. सरळ गेली.

अर्ध्या मैलावर बांधाच्या पायऱ्या ठिपक्यांसारख्या दिसतात. ती तिथे पोहोचली आणि पायरीवर चढली. मग वळली, डाव्या होडीकडे वाकली, आणि कुणाला उतरताना आधार द्यावा तसा तिने हात पुढे केला.

मी पाठ फिरवली.

८

वळसंगला गुरुबसप्पाच्या गोठ्यात, नव्या गाडीच्या चाकांमध्ये बसून हे लिहीत आहे. तलावाला वळसा घालून घरी जायला चार मैल. दुपारपर्यंत मी तीनदा उठलो आणि तीनदा बसलो.

गुरुबसप्पाने पाणी दिले. "पंत, कुटनं आलात?"

"पलीकडच्या काठाला उतरलो. तिथून चालत."

तो रंधा मारायचा थांबला.

"बारा वर्साखाली तुमी मला इचारलं होतं," तो म्हणाला, "भाऊ हिकडनं गेला का म्हनून. मी न्हाय म्हनालो. तरी तुमी आपलं तेच लिवलंत. आता तुमच्यामागं कुनी इचारत आलं, तर मी व्हय म्हनीन. खरंच हाय की."

मग तो कामाला लागला. त्याला मी इथे असण्याचे काही वाटत नाही.

आजची पातळी घेतली नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा. वारा नाही, आकाश स्वच्छ.

पद्मजा आज संध्याकाळी दिवा लावून पायऱ्यांवर येईल आणि विचारील. रुक्मिणी तिला काय सांगेल ते मला माहीत आहे, कारण ते वाक्य मीच तिला शिकवले: भांडले, पलीकडच्या काठाला उतरले, वळसंगच्या रस्त्याने गेले. ते खोटेही नसेल. पद्मजाच्या कपाळावर कुंकू राहील. बारा वर्षे ती वाट पाहील, दर वटपौर्णिमेला सूत गुंडाळील, आणि तिला कुंकू लावताना रुक्मिणीचा हात थरथरणार नाही.

माझ्या खोलीत कोनाड्याखाली पाने ठेवलेली आहेत. मी दोनदा मोजली आहेत. तीनशे साठ, एकही कमी नाही.

ती वाया जायची नाहीत.